वयात येणाऱ्या मुलाला हरायला कसं शिकवायचं

ज्युदो शिकायला गेलेल्या मुलाला सुरुवातीला समोरच्याला पाडायला शिकवत नाहीत, आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि अंग मॅटला टेकायच्या क्षणी पसरलेला हात जोरात मॅटवर. याला उकेमी म्हणतात. पडणं टळणार नाही हे धरूनच त्याची घोटून तयारी करून घेतात. म्हणून पुढे कुणी खरंच उचलून आपटलं, तरी सहसा मनगट मोडत नाही आणि डोकं आपटत नाही.

हरण्याची अशी तालीम सहसा कुणी घेत नाही. मुलाला खेळाचे नियम शिकवतो, डावपेच शिकवतो, पण हरल्यावर हात कुठे ठेवायचे, काय बोलायचं, कुठे जाऊन बसायचं हे त्याचं त्याने उमगून घ्यावं असं समजतो. मग तेराव्या वर्षी त्याने पट उधळला किंवा रॅकेट आपटली, की ‘एवढा मोठा झालास तरी’ म्हणून बोलणी बसतात.

हा लेख साधारण अकरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी आणि नव्या प्रशिक्षकांसाठी आहे. एक गोष्ट आधीच पक्की करू. हरल्यावर मुलाला वाईट वाटू नये, हे आपलं उद्दिष्ट नाही. मनापासून खेळलेल्या माणसाला हरल्यावर वाईट वाटतंच आणि वाटायलाही हवं. वाईट वाटत असताना वागणं ताब्यात राहावं, एवढंच शिकवायचं आहे. भावनेला मोकळीक आणि वागण्याला नियम, ही विभागणी तुमच्या डोक्यात स्पष्ट असेल तर पुढचं बरंच सोपं जाईल.

या वयात हे जड का जातं

आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. बक्षीस, कौतुक आणि अपमान यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागते. गाडीचा वेग वाढला आहे आणि ब्रेक अजून पूर्ण बसलेला नाही, अशी ही अवस्था. त्यात बरोबरीची मुलं बघत असतील तर हीच हार दुप्पट झोंबते. आठ वर्षांचं मूल हरलं की ‘मी खेळ हरलो’ म्हणून रडतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात ‘सगळ्यांनी मला हरताना पाहिलं’ हे आधी येतं. त्याला खेळापेक्षा पत वाचवायची असते, आणि त्याचं बरंचसं विचित्र वागणं या धडपडीतून येतं.

झोप आणि भूक या दोन साध्या गोष्टी इथे फार मोठं काम करतात. तेरा ते अठरा वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. सहा तास झोपून, रिकाम्या पोटी सामना खेळलेल्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करू नका. आधी ते दोन्ही सुधारा. काही मुलांची निम्मी चिडचिड तिथेच संपते.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं बघा

लगेच शिकवायला बसू नका. एका वहीत प्रत्येक हारीनंतर चार गोष्टी टिपा: कोणता खेळ, समोर कोण होतं, कोण बघत होतं, आणि पहिल्या मिनिटात मुलाने नेमकं काय केलं. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘सोंगट्या ढकलल्या, खोलीत गेला, दार आपटलं, पंचवीस मिनिटांनी बाहेर आला’ असं लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की ठसा दिसू लागतो. अनेकदा असं निघतं, की मूल सगळीकडे चिडत नाही. फक्त धाकट्या भावाशी हरल्यावर चिडतं, किंवा फक्त रात्री नऊनंतर.

हरल्यावर बिघडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं.

आदळआपट करणाऱ्याला शरीर शांत करायची रीत हवी असते. त्याला समजावून उपयोग नाही, कारण त्या वेळी त्याचं ऐकणं बंद झालेलं असतं.

सबबी सांगणारा म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. चेंडू जुना होता, उजेड डोळ्यांवर येत होता, नेट ढिलं होतं. त्याच्याशी सबबीवर वाद घालू नका, तो जिंकेल. त्याला पुढे दिलेल्या हिशेबाची सवय लावायची.

समोरच्याने लबाडी केली असं म्हणणाऱ्याचं मात्र आधी ऐकून घ्या, कारण कधी कधी ते खरं असतं. नियम लिहून ठेवलेले असतील तर अशा तक्रारी निम्म्याने कमी होतात.

‘मला काही येतच नाही’ म्हणून स्वतःवर घसरणारं मूल घरच्यांना शहाणं वाटतं, कारण ते आवाज करत नाही. खरं तर त्याच्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं.

आणि या वयाची खास तऱ्हा म्हणजे ‘मी कुठे मनापासून खेळत होतो?’ हरायची चिन्हं दिसली की हे मूल मुद्दाम वेडावाकडा खेळ सुरू करतं, हसतं, टवाळी करतं. मनापासून खेळून हरलो तर इज्जत जाईल, त्यापेक्षा खेळलोच नाही असं दाखवणं त्याला परवडतं. याला ‘नीट खेळ’ म्हणून रागावलं तर ते आणखी टवाळी करतं. त्याच्यासाठी प्रेक्षक कमी करा, डाव छोटे ठेवा, आणि हरलेल्या डावात त्याने केलेल्या एखाद्या खऱ्या प्रयत्नाची नेमकी दखल घ्या: ‘सातव्या गुणाला तू मागे पळत जाऊन उचललास तो चेंडू.’ एवढंच म्हणा, पुढे काही जोडू नका.

दुसरी पायरी: मुद्दाम हरणं बंद, उघड सवलत सुरू

लहानपणी मुलाला जिंकू दिलं असेल तर आता ते थांबवा. वयात आलेलं मूल तुमचं नाटक ओळखतं आणि त्यातून एकच अर्थ काढतं, की याला वाटतं मला हरणं झेपणार नाही. पण प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने हरवत राहिलात तर मूल खेळणंच सोडेल. यावर जुना, प्रामाणिक उपाय आहे तो म्हणजे सवलत. ‘गो’ या खेळात कच्च्या खेळाडूला पटावर दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या आधीच मांडू देतात. गोल्फमध्येही पातळीप्रमाणे फटक्यांची सूट असते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण ती उघड आणि मोजलेली असते.

घरी अशी द्या:

बुद्धिबळात तुमचा वजीर काढून खेळा. मूल लागोपाठ तीन डाव जिंकलं की वजीर परत घ्या आणि हत्ती काढा, पुढे घोडा, मग एक प्यादं. घड्याळ असेल तर त्याला १० मिनिटं, तुम्हाला ३.

टेबल टेनिसच्या ११ गुणांच्या गेममध्ये त्याची सुरुवात ४-० ने. बॅडमिंटनच्या २१ गुणांच्या गेममध्ये ६-० ने. तीन विजय झाले की एक गुण कमी करा.

सवलत अशी बसवा, की मूल तीनातला साधारण एक डाव जिंकेल. दहापैकी नऊ जिंकत असेल तर हरण्याचा सराव होत नाही, आणि दहापैकी नऊ हरत असेल तर त्याला त्यातून काही शिकता येत नाही, नुसता मार बसतो. खेळाच्या ऐन मध्यावर दया येऊन सवलत वाढवू नका. बदल दोन डावांच्या मध्येच आणि सांगून.

तुमचं स्वतःचं हरणंही या काळात मूल बारकाईने बघत असतं. हरलात की पुढे सांगितलेली रीत तुम्हीही जशीच्या तशी पाळा. टीव्हीवर आवडता संघ हरल्यावर पंचाला शिव्या देणाऱ्या माणसाने मुलाला पंचाचा मान राखायला सांगितलं, तर ते शब्द पोहोचत नाहीत.

तिसरी पायरी: खेळाआधीचा ठराव

सगळं शांत असताना, खेळाचा विषयही नसताना, दहा मिनिटं बसून ठरवा. चारच गोष्टी: किती डाव खेळायचे, किती वाजता थांबायचं, हरणाऱ्याने काय करायचं, आणि जिंकणाऱ्याने काय करायचं. शेवटची गोष्ट विसरू नका, निम्मी भांडणं जिंकणाऱ्याच्या खिजवण्यामुळे पेटतात.

डावांची संख्या आधी ठरवणं फार महत्त्वाचं आहे. ‘अजून एक, अजून एक’ करत जिंकेपर्यंत खेळण्याची सवय लागली, तर हार स्वीकारायची वेळच येत नाही. तीन म्हणजे तीन. तिसरा हरला तरी पट आवरायचा.

एक खूणही ठरवा. मुलाला वाटलं की आता डोकं फिरतंय, तर त्याने तळहात टेबलावर सपाट ठेवायचा. खेळ तीन मिनिटं थांबतो, कुणी काही विचारत नाही. सुरुवातीला मूल ही खूण हरायला लागल्यावर वेळ काढायला वापरील. वापरू द्या, पण एका डावात एकदाच. पंधरा दिवसांत ती खरोखरच्या कामाला येऊ लागते.

चौथी पायरी: हरल्यानंतरची पहिली दहा सेकंदं

सगळ्या शिकवणीचा गाभा इथे आहे. हरल्यावर सगळ्यांत जास्त तमाशा पहिल्या दहा सेकंदांत होतो, आणि त्याच वेळी विचार करण्याची ताकद सगळ्यांत कमी असते. म्हणून त्या वेळी विचार करायची गरजच पडू नये असं आधीच घोटून ठेवायचं. क्रम असा:

१. हातातली वस्तू खाली ठेवायची. रॅकेट, कंट्रोलर, पत्ते, जे असेल ते. हात रिकामे झाले की फेकायला काही उरत नाही.

२. एक श्वास. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. सोडलेला श्वास लांब असला की हृदयाची गती उतरते, म्हणून आकडे असे विषम ठेवायचे. घाईत नुसता मोठा श्वास घेतला तर छाती उलट आणखी भरून येते.

३. समोरच्याकडे बघायचं. डोळ्यांत बघणं जड जात असेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघावं, समोरच्याला फरक कळत नाही.

४. हात मिळवायचा आणि एक वाक्य बोलायचं. एकच.

वाक्य मुलाने स्वतः निवडायचं, तुम्ही लादायचं नाही. ‘चांगला खेळलास.’ ‘शेवटची खेळी भारी होती.’ ‘आज तू जिंकलास, पुढच्या वेळी बघू.’ फक्त ‘गुड गेम’ म्हटलं तरी चालेल. ज्याला खोटं कौतुक जमत नाही त्याने ‘तू जिंकलास’ एवढी वस्तुस्थिती सांगावी. वाक्यात ‘पण’ नको. ‘चांगला खेळलास, पण माझा हात दुखत होता’ हे बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

जपानी बुद्धिबळात, म्हणजे शोगीमध्ये, हा क्षण फार सुंदर बांधला आहे. डाव गेला हे कळल्यावर हरणारा स्वतः मान लववून ‘मी हरलो’ असं तोंडाने म्हणतो, आणि डाव तिथे संपतो. हार त्याच्यावर कुणी लादत नाही, तो ती स्वतः जाहीर करतो. मुलाला हे जरूर सांगा. ‘मी हरलो’ हे शब्द आपण होऊन उच्चारणाऱ्याच्या हातात काहीतरी उरतं, हे या वयाला पटतं.

आता तालीम. हा क्रम खऱ्या हारीची वाट न बघता करायचा. दोन मिनिटांत संपणारा खेळ घ्या: फुली-गोळा, दगड-कागद-कात्री, नाणेफेक. एका बैठकीत असे दहा डाव, आणि प्रत्येक डावानंतर हरणाऱ्याने पूर्ण क्रम करायचा, तुम्ही हरलात तर तुम्हीही. नाणेफेकीनंतर हात मिळवताना मुलाला हसू येईल. येऊ द्या, हसत केलेला सरावही अंगात मुरतो. आठवड्यातून तीन बैठका, तीन आठवडे. मग हाच क्रम दहा-पंधरा मिनिटांच्या खेळाला लावा, मग तासाभराच्या, मग घराबाहेरच्या, आणि शेवटी प्रेक्षकांसमोरच्या. ही शिडी उलटी चढू नका. पुष्कळ पालक थेट स्पर्धेच्या दिवशी ‘हात मिळव’ म्हणून मुलाला ढकलतात आणि ते तिथे फसतं.

खेळांची निवडही याच अंगाने करा. सुरुवातीला नशिबाचे खेळ बरे, कारण त्यात हरण्याचा दोष कुणाच्या माथी येत नाही. फाशांच्या खेळात मूल म्हणतं ‘मलाच सहा पडत नाही.’ तेव्हा वही काढून हिशेब करा. एका फाशावर सहा पडायची शक्यता सहात एक. लागोपाठ दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, म्हणजे सरासरी दर सहा-सात माणसांत एकाला हे होतं. गणित आवडणाऱ्या मुलाला हा मुद्दा समजावणीच्या शंभर वाक्यांपेक्षा लवकर पटतो.

पाचवी पायरी: पुढची वीस मिनिटं तुम्ही गप्प

पालकांना इथेच सर्वांत कठीण जातं. मूल हरून आलं आहे, चेहरा पडला आहे, आणि तुम्हाला काहीतरी बोलून ते बरं करायचं आहे. करू नका.

‘खेळच तर आहे’ म्हटलं की त्याला ऐकू येतं, तुला ज्याचं दुःख होतंय ते क्षुल्लक आहे. ‘तू छान खेळलास’ म्हटलं, आणि तो छान खेळला नसेल, तर पुढे तुमच्या खऱ्या कौतुकावरचाही विश्वास उडतो. ‘त्या वेळी तू पुढे यायला हवं होतंस’ हे बरोबर असलं तरी वेळ चुकलेली असते. आणि ‘अमक्याचा मुलगा बघ कसा शांत होता’ हे तर कधीच म्हणू नका.

त्याऐवजी पाणी द्या. खायला द्या. शेजारी चाला किंवा शेजारी बसा, समोरासमोर नको. काही म्हणायचंच असेल तर एकदा म्हणा, ‘वाईट वाटत असणार,’ आणि थांबा. पहिलं वाक्य मुलाच्या तोंडून येऊ द्या, मग ते कशाबद्दलही असो. सामन्याहून परतताना वाहनात मूल अडकलेलं असतं, उठून जाऊ शकत नाही, म्हणून तिथे सामन्याचा विषय न काढणं हा कडक नियमच करून टाका. मुलाने काढला तर ऐका. सल्ला मागितला तरच द्या, आणि तोही एक.

वीस मिनिटं हा अंदाजी आकडा आहे. काही मुलं सात मिनिटांत सावरतात, काहींना संध्याकाळ लागते. तुमच्या वहीतल्या नोंदींवरून तुमच्या मुलाचा काळ काढा. तो महिन्या-महिन्याला कमी होत असेल तर तुमची दिशा बरोबर आहे. रडलं तर रडू द्या. रडणं हे बेशिस्त वागणं नाही. मुलगा रडतो म्हणून त्याला लाजवलं, तर पुढच्या वेळी तेच पाणी रागाच्या वाटेने बाहेर येतं.

सहावी पायरी: हिशेब दुसऱ्या दिवशी

शोगीत डावानंतर दोघे खेळाडू एकत्र बसून तोच डाव पुन्हा मांडतात आणि कुठे काय चुकलं ते तपासतात. हरलेला आणि जिंकलेला एकाच पटावर बोटं ठेवून बोलतात. घरी हे त्याच रात्री जमणार नाही. दुसऱ्या दिवशी करा, आणि दहा मिनिटांत संपवा. तीन प्रश्न पुरेत:

माझ्या हातात काय होतं आणि त्यातलं काय बरं जमलं?

माझ्या हातातलं काय चुकलं? एकच गोष्ट.

ती सुधारायला या आठवड्यात मी नेमकं काय करणार, किती वेळा?

तिसऱ्याचं उत्तर ‘जास्त मेहनत’ असं आलं तर ते उत्तर नव्हे. ‘रोज वीस सर्व्हिस डाव्या कोपऱ्यात’ हे उत्तर. सबबी सांगणाऱ्या मुलासाठी कागदावर मधोमध रेघ ओढा: एका बाजूला माझ्या हातात नव्हतं ते, दुसऱ्या बाजूला होतं ते. ढिलं नेट आणि डोळ्यांवरचा उजेड खुशाल पहिल्या बाजूला लिहू द्या. सबब नाकारली नाही की तिचा जोर जातो. मग विचारा, ‘दुसऱ्या बाजूला निदान एक ओळ?’ ती एक ओळ आली की काम झालं.

याच बैठकीत अधूनमधून आकडे दाखवा. बाद फेरीच्या स्पर्धेत ६४ खेळाडू असतील तर ६३ जण हरून घरी जातात, एकच जण न हरता. रॉजर फेडररने कारकिर्दीत १,५२६ एकेरी सामने खेळले, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकले, पण एकूण गुणांपैकी त्याने जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे तो जवळजवळ दर दुसरा गुण हरत होता आणि पुढच्या गुणासाठी उभा राहत होता. बुद्धिबळात खेळाडूची ताकद एलो गुणांकन नावाच्या आकड्याने मोजतात. समोरचा त्यात २०० ने वर असेल तर खालच्या खेळाडूकडून शंभर डावांत सुमारे २४ गुणांचीच अपेक्षा असते (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). वरचढ खेळाडूशी हरल्यावर ‘मी नालायक’ म्हणणाऱ्या मुलाला हा आकडा दाखवा. चार डावांत एक गुण मिळवला तर तो अपेक्षेप्रमाणेच खेळला.

पट उधळलाच तर

होईल. सगळं नीट करूनही होईल. अशा वेळी आवाज चढवू नका, तिथल्या तिथे माफी मागायलाही लावू नका. चारचौघांत जबरदस्तीने काढलेली माफी मुलाला दुसऱ्यांदा हरवते. एक वाक्य म्हणा: ‘आजचा खेळ संपला.’ मुलाला तिथून जाऊ द्या. धोका नसेल तर मागे जाऊ नका.

शांत झाल्यावर, त्याच दिवशी, झालेलं नुकसान त्याने भरायचं. सोंगट्या त्याने वेचायच्या. काही मोडलं असेल तर दुरुस्तीत त्याचा हात लागला पाहिजे. ज्याच्याशी खेळत होता त्याला एकट्याने जाऊन दोन वाक्यं बोलायची: काय केलं ते, आणि पुढच्या वेळी काय करणार ते. एवढ्यावर प्रकरण बंद. महिनाभर खेळ बंद करण्याची शिक्षा देऊ नका, कारण सराव बंद केला तर हरायला शिकणार कधी? दुसऱ्याच दिवशी, छोट्या डावाने, पुन्हा सुरू करा.

ऑनलाइन खेळांचं वेगळं

इथे हारी पटापट येतात. पंधरा मिनिटांचा एक सामना धरला तर एका संध्याकाळी आठ-दहा. बरेच खेळ मुद्दाम बरोबरीचे प्रतिस्पर्धी जुळवून देतात, म्हणून चांगल्या खेळाडूचेही जवळपास निम्मे सामने हारीचे असू शकतात. हे मुलाला माहीत नसतं. त्याला वाटतं आपण वाईट खेळतोय.

हरल्यावर चिडून खेळत राहायचं, त्यामुळे आणखी वाईट खेळायचं, आणखी हरायचं, या अवस्थेला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. त्यावर सोपा नियम: लागोपाठ दोन हारी झाल्या की पंधरा मिनिटं खुर्चीवरून उठायचं. नियम मुलाशी बोलून ठरवा आणि तो त्याच्याच भाषेत सांगा, ‘टिल्ट झालास, उठ.’ हे त्याला उपदेशापेक्षा बरं लागतं.

सामना अर्धवट सोडून जाणं मात्र चालू देऊ नका. सांघिक खेळात एक जण गेला की उरलेल्यांचा सामना बिघडतो, आणि बऱ्याच खेळांत त्याबद्दल काही काळ बंदीही येते. म्हणून जेवणाची हाक सामना संपेपर्यंत थांबू शकते, पण नवा सामना सुरू करायच्या आधी वेळ विचारायची, असा दोन्हीकडून पाळायचा करार करा. सामना संपल्यावर ‘जीजी’ (म्हणजे ‘गुड गेम’) टाइप करणं हा इथला हात मिळवणं. शिवीगाळ करणाऱ्याला उत्तर न देता म्यूट करायला शिकवा.

संघात हरताना

संघातल्या हारीत बोट दुसऱ्याकडे वळणं फार सोपं असतं. नियम एकच ठेवा: घरी बोलताना दुसऱ्या खेळाडूचं नाव घेऊन त्याची चूक सांगायची नाही, आणि हा नियम तुम्हालाही. पंचाच्या निर्णयाबद्दल बोलायचं असेल तर कर्णधाराने किंवा प्रशिक्षकाने, सामन्यानंतर, शांतपणे. ज्याच्या चुकीने सामना गेला त्याच्याजवळ आधी जाऊन उभं राहायला शिकवा. बोलायची गरज नसते, खांद्यावर हात पुरतो.

जिंकणाऱ्यालाही शिकवा

घरात दोन मुलं असतील तर हा भाग टाळून चालणार नाही. जिंकणाऱ्याला आनंद व्हायलाच हवा, पण तो दहा सेकंदांचा, आणि हरलेल्याच्या तोंडावर नको. मग त्याने आधी हात पुढे करायचा आणि समोरच्याच्या एका चांगल्या खेळीचा उल्लेख करायचा. ‘सोप्पं होतं’ हा शब्द घरात बंद. मोठं भावंड धाकट्याकडून हरलं असेल तर सवलत किती होती हे मोठ्याने सांगू नका, आणि दोघांची तुलनाही नको. अशा जोडीला काही दिवस एकाच बाजूने, तुमच्याविरुद्ध खेळवा.

मदत कधी घ्यावी

सावरण्याचा काळ दोन-तीन महिन्यांनीही कमी होत नसेल, खेळाखेरीज अभ्यासात आणि मैत्रीतही छोट्या अपयशाने मूल कोलमडत असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलं असेल, किंवा ते स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर हा खेळाचा प्रश्न उरलेला नाही. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोललं तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा आणि तोवर मुलाला एकटं ठेवू नका.

परत बिघडलं तर

सगळं सुरळीत चाललेलं असताना मूल वरच्या गटात गेलं, नवा खेळ धरला किंवा ओळखीच्या लोकांसमोर पहिल्यांदा हरलं, की जुनं वागणं परत दिसतं. आधीचं शिकणं वाया गेलं असा त्याचा अर्थ नाही. वजन वाढलं आहे, एवढंच. शिडीच्या दोन पायऱ्या खाली या: दोन आठवडे छोटे डाव, घरातलेच प्रेक्षक, आणि पहिल्या दहा सेकंदांचा क्रम पुन्हा आठवड्यातून तीनदा. या वेळी दहा डाव लागणार नाहीत, पाच पुरतात.